कोपऱ्यावरचं बुजवलेलं दार

"हे तीन वेगवेगळे कोपरे आहेत," पालिकेचे साहेब टेबलावरचे तीन जबाब चाळत म्हणाले.

ताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय आहेत?"

"या पहिल्या बाई म्हणतात, बर्फाचा कोपरा. हे गृहस्थ म्हणतात, पावाचा कोपरा. आणि या बाई क्लासचा कोपरा म्हणतात. तुमची जागा यातली कुठली? तेवढंच कळलं की बाकीचे दोन आपण बाजूला काढू."

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. बॅगांच्या दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाईला संयम कुणी शिकवावा लागत नाही. चेन ओढून ओढून तिचे दात पाडायचे आणि वर "तुम्ही मागच्या वेळी नीट बसवली नव्हती" म्हणायचं, अशी गिऱ्हाइकं तिने उभ्या आयुष्यात पुष्कळ पाहिली होती. पण हे साहेब त्या सगळ्यांना पुरून उरणारे होते. यांच्या टेबलावर पेनांनी भरलेला डबा होता, तरी दर वेळी हे ताईकडेच पेन मागायचे आणि परत द्यायचं विसरायचे.

"साहेब, एकच कोपरा आहे," ती म्हणाली. "एकच घर, एकच भिंत. आधी तिथे बर्फाचा डेपो होता, मग बेकरी झाली, मग टायपिंगचा क्लास. ज्याने त्याने आपल्या लहानपणी जे पाहिलं, त्याचं नाव लावलंय."

"असं कसं? सरकारी कामात जागेला एकच नाव लागतं."

"सरकारने एकही ठेवलेलं नाही, म्हणून लोकांनी तीन ठेवली."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे तिला बोलताबोलताच कळलं. साहेबांनी कागद मिटले आणि पेन खिशाला लावलं. पेन ताईचं होतं.

खरं तर काम एवढंसं होतं. ताईचं घर चौकाच्या कोपऱ्यावर, उतारावर बांधलेलं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. आत यायचं तर खालच्या गल्लीतून उंच, अरुंद, मध्येच वळणाऱ्या पायऱ्या चढून यायचं. गिऱ्हाईक मोडकी सुटकेस घेऊन धापा टाकत वर यायचं, आधी पाणी मागायचं आणि मग घासाघीस करायचं. पण वरचा रस्ता चढत गेल्यामुळे कोपऱ्यावरच्या खोलीची जमीन बाहेरच्या फुटपाथच्या अगदी बरोबरीला होती. त्या खोलीत बाबांची खाट होती. खाटेच्या शेजारच्या भिंतीत, गिलाव्याखाली, दाराची कमान उमटलेली दिसायची. गवंड्याने येऊन तिथे हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं, कान लावला आणि म्हणाला, "एकाच विटेची आहे. दार बुजवलंय. चहा पिऊन सुरुवात केली तर जेवायच्या वेळेपर्यंत मोकळं करतो."

हे दार ताईला बाबांसाठी हवं होतं.

कमरेचं हाड मोडल्यापासून बाबा घराबाहेर पडले नव्हते. चाकांची खुर्ची आणली होती, पण ती पायऱ्यांवरून उतरत नव्हती. तिच्या पाठीवर आणि हातांवर आता धुतलेले कपडे वाळत असायचे. खुर्चीसकट उचलून खाली नेऊ म्हटलं तर बाबा तयार नव्हते. "चौघांनी उचलून न्यायची वेळ माणसावर एकदाच येते," ते म्हणायचे. "माझी आली की न्या. तेव्हा मी काही बोलायचो नाही."

आणि हा माणूस घरात बसणाऱ्यांतला नव्हता. बाबा वाहतूक पोलीस होते. त्यांची सगळी नोकरी याच चौकात, उन्हातान्हात, मधोमध उभं राहून झाली होती. निवृत्त झाल्यावर घर घेतलं तेही चौकाच्या अंगावर. "ह्यांना चौकापासून लांब झोप लागत नाही," असं आई सगळ्यांना सांगायची. आई गेली, बाबा पडले, आणि चौक भिंतीपलीकडे राहिला. खोलीला खिडकी होती, पण ती खालच्या गल्लीकडे. मग बाबा खाटेवर पडून चौक नुसता ऐकायचे. "बघ, त्या बसवाल्याने ब्रेक उशिरा दाबला." "हा ट्रक वळतोय, पण याने हात दाखवलेला नाही, पैज लाव." ताईला दुकानात चेन बसवताना ते ऐकू यायचं, आणि कधीकधी त्याचा वैताग यायचा.

हल्ली मात्र बाबा चौकाबद्दल बोलेनासे झाले होते. जेवायला उठवलं तर उठायचे, नाही उठवलं तर तसेच पडून राहायचे. ट्रक वळायचे, बस थांबायच्या, कुणीतरी कुणावर तरी भोंगा वाजवायचं, आणि खोलीतून काही म्हणजे काही आवाज यायचा नाही. त्या शांततेची ताईला भीती वाटायला लागली होती.

दार उघडायचं ठरवलं तेव्हा तिने हौसेने बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "ते बंदच बरं."

"का पण?"

"बंद आहे ते बरं आहे." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हणजे त्या दाराकडेच फिरवलं. ताईने कपाळाला हात लावला आणि बाबांना न विचारता अर्ज केला.

पालिकेचा नियम असा होता की, चौकाकडे तोंड करून नवं दार काढायला मनाई. जुनं असलं, त्यातून लोकांची ये-जा होती असं सिद्ध झालं, तर उघडता येईल. त्यासाठी जागेचा पूर्वीचा वापर कळायला हवा, आणि तो सांगायला घराबाहेरची माणसं हवीत. ताईला वाटलं, यात काय अवघड आहे. आपल्या चौकात जुनी माणसं काय थोडी आहेत?

समोरच्या इस्त्रीवाल्या आजींकडे ती पहिल्यांदा गेली. आजी सत्तरी ओलांडलेल्या, पण इस्त्री सोडली नव्हती. "दार होतं की," आजी म्हणाल्या. "बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून त्या दारातून सरळ गाडीवर ढकलायचे. आम्ही पोरी उंबऱ्यावर अनवाणी उभ्या राहायचो, तळपाय गार करायला. म्हणून तर त्याला बर्फाचा कोपरा म्हणतात."

"कोण म्हणतं? मी तर कधी ऐकलं नाही."

"तू काल आलीस," आजी म्हणाल्या. इथे दुकान टाकून ताईचे केस पांढरे झाले होते, पण आजींच्या हिशेबात ती कालच आली होती.

सायकलवाल्या काकांनी बर्फाचं नाव काढताच हातातला पाना खाली ठेवला. "बर्फ? अहो, भट्टी होती तिथे. मी पोरवयात त्या दारातून पावांच्या टोपल्या उचलून सायकलवरून पोचवायचो. सायकलचा नाद मला तिथूनच लागला. भट्टीच्या खोलीत बर्फ ठेवतात का कुणी?"

"आधी असेल, काका."

"आधी काही नव्हतं," काका म्हणाले. त्यांच्या जन्माआधी जगात काही होतं, हे त्यांना मुळात पटत नसावं.

टायपिंगच्या बाईंनी तर ताईला दारातच उभं केलं. बाईंचा कणा या वयातही ताठ होता आणि जीभ त्याहून ताठ. "तुझी आई माझ्याच क्लासची," त्या म्हणाल्या. "बोटं उत्तम, लक्ष शून्य. परीक्षेच्या आधी क्लास सोडला आणि त्या चौकातल्या पोलिसाशी लग्न केलं."

"ते माझे बाबा, बाई."

"ठाऊक आहे. दार होतं. माझ्या मुली त्याच दारातून यायच्या-जायच्या. कुण्या दीडशहाण्याने वर तक्रार केली आणि पालिकेने रातोरात भिंत घातली. त्या खालच्या पायऱ्या चढून कोण येणार? वर्षभरात क्लास बसला. तो दीडशहाणा कोण, ते मला अजून कळलेलं नाही. कळलं की दोन शब्द सुनावायचे आहेत."

तिघांनी आपापलं म्हणणं साहेबांसमोर जाऊन सांगितलं. ते अशा मनापासून सांगितलं की साहेबांना तीन निरनिराळ्या जागा दिसल्या. मग ताईने तिघांना एकत्र साहेबांपुढे नेलं, ही तिची दुसरी चूक. आजी काकांना म्हणाल्या, "तुला आठवत कसं नाही? तुझा बाप बर्फ न्यायला यायचा." काका म्हणाले, "माझा बाप पाव न्यायला यायचा." बाई म्हणाल्या, दोघंही चुकतायत, तिथे सभ्य मुलींचा क्लास होता. साहेब एकदा या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे बघत राहिले. दार होतं, या एका मुद्द्यावर तिघांचं एकमत होतं, पण भांडणाच्या धुरळ्यात ते साहेबांपर्यंत पोचलंच नाही.

शेवटी साहेबांनी कानाला हात लावले. "मी जागेवर येऊन बघतो. आणि दार असलंच, तर ते बंद का केलं हे मला कळायला पाहिजे. कारण कळल्याशिवाय मी उघडा म्हणून सांगणार नाही. उद्या काही झालं तर माझी मान अडकेल."

म्हणजे आता भिंतीचं कारण शोधा. ताई घरी येऊन आरीने बॅग शिवायला बसली आणि तिने आरी बोटातच टोचून घेतली. बाबांनी आतून विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. तुम्ही झोपा." इतकं तोडून बोलायला नको होतं, असं तिला नंतर वाटलं.

साहेब आले ते दुपारी. आजी, काका आणि बाई आधीच कोपऱ्यावर हजर होते. कुणी बोलावलं नव्हतं, पण आपल्या माघारी दुसऱ्याचं खरं ठरेल ही धास्ती तिघांनाही होती. गवंडी हातोडी घेऊन समोरच्या दगडावर बसून होता. साहेबांनी भिंतीवर हात फिरवला.

"ही खिडकीही असू शकते."

"जमिनीपर्यंत?" ताई म्हणाली.

"मोठी खिडकी."

"माझ्या मुली खिडकीतून उड्या मारून यायच्या काय?" बाई कडाडल्या.

"बर्फाच्या लाद्या," आजींनी सुरुवात केली.

"पावाच्या टोपल्या," काका मध्येच बोलले. ताई दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिला एकदम रडावंसं वाटलं. ह्यांचं बालपण, ह्यांचा बर्फ, ह्यांचे पाव, आणि भिंतीच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, आपला बाप पडून पडून वाळत चाललाय, त्याचं कुणाला काही नाही.

तेवढ्यात भिंत वाजली.

आतून कुणीतरी काठीने ठोकत होतं. सगळे भिंतीकडे वळले. पुन्हा ठोकलं, आणि एका विटेच्या भिंतीतून बाबांचा आवाज आला, जुना, चौकातला, चारही रस्त्यांना ऐकू जाणारा. "काय गोंधळ चालवलाय? मला बाहेर आणा. मी सांगतो."

ताई गल्लीत उतरून, पायऱ्या चढून धावत आत गेली. बाबा खाटेवर उठून बसले होते. चेहरा लाल. "तू त्या दाराचा अर्ज केलास?"

"केला."

"मला न विचारता?"

"विचारलं होतं. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत."

"खुर्ची आण," बाबा म्हणाले.

"पायऱ्यांवरून उचलून न्यावं लागेल, बाबा. चार माणसं लागतील."

"मग बोलाव चार. त्या साहेबालाही बोलाव. बघू दे त्याला."

ताईने खुर्चीवरचे ओले कपडे खाटेवर टाकले. एका बाजूला गवंडी आणि साहेब, दुसऱ्या बाजूला काका आणि ताई. वळणावर खुर्ची अडकली. साहेब एकीकडे ओढायला लागले, काका दुसरीकडे, तशी बाबांनी हात वर केला. "डावीकडचे थांबा. उजवीकडचे आधी. आता डावीकडचे. सावकाश." चौघंही निमूटपणे ऐकत होते. खाली गल्लीत खुर्ची टेकली तेव्हा साहेबांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता आणि बाबांचा श्वास मात्र जराही वाढला नव्हता. तिथून चढावर ढकलत त्यांनी बाबांना कोपऱ्यावर आणलं.

बाबा चौकाकडे बघत राहिले. त्यांच्या उभं राहायच्या जागी आता दिव्यांचा खांब होता. ताईला वाटलं, डोळे भरून आले असतील, म्हणून ती वाकून बघायला गेली.

"तो बसवाला अजूनही ब्रेक उशिराच दाबतो," बाबा म्हणाले.

मग त्यांनी काठी भिंतीकडे रोखली. "दार होतं. उघडलं की माणूस सरळ चौकात. बेकरीची पोरं टोपल्यांच्या आडून काही न बघता रस्त्यात यायची. तेवढं मी सांभाळून घ्यायचो. मग क्लास आला. क्लास सुटला की मुली बाहेर, बोलत, हसत, रस्ता कुठे आहे याचा पत्ता नाही. त्यांतली एक तर रोज. एकदा ती सरळ बसच्या पुढ्यात. मी बसच्या तोंडावर हात आपटला तेव्हा थांबली. आणि ही मला काय म्हणते? बाजूला व्हा, मला उशीर होतोय."

"बोटं उत्तम, लक्ष शून्य," बाई पुटपुटल्या.

ताई बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली. "आई?"

"पुढे माझ्याशी लग्न केलं, तरी रस्ता बघून ओलांडायला शिकली नाही," बाबा म्हणाले. "त्या दिवशी रात्रभर मला झोप लागली नाही. तेव्हा नाव पण माहीत नव्हतं तिचं. सकाळी वरच्यांना लिहून दिलं. या दारासमोर लोखंडी कठडा लावा, म्हणजे बाहेर येणारा सरळ रस्त्यात न जाता बाजूला वळेल आणि मग ओलांडेल. एवढंच मागितलं होतं. मी कठडा मागितला, यांनी भिंत घातली." बाबांनी साहेबांकडे बघितलं, आणि साहेब आपल्या बुटांकडे बघायला लागले. त्या वेळी ते शाळेतही जात नसतील, पण नजर त्यांनी चुकवली.

"म्हणजे तो दीडशहाणा तुम्ही," बाई म्हणाल्या.

"मी."

"माझा क्लास बुडाला."

"ठाऊक आहे. हिच्या आईनेही त्या भिंतीपायीच क्लास सोडला, ती मला रोज ऐकवायची. कोण मेला असेल तो, म्हणायची. मी समोर बसून जेवत असायचो." बाबांनी पायांवरची चादर वर ओढली. "सांगायची छातीच झाली नाही कधी."

बाईंनी दोन शब्द सुनावायला तोंड उघडलं. एवढी वर्षं साठवून ठेवलेले शब्द होते. पण बाबांच्या त्या खुर्चीकडे, पायांवरच्या चादरीकडे त्यांची नजर गेली आणि त्यांनी तोंड मिटलं. "निदान जिवंत राहिली," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

ताईला मात्र राग आवरेना. हेलपाटे घालून तिच्या चपलांचे तळ गेले होते. "बाबा, हे सगळं तुम्हाला माहीत होतं. मी विचारलं तेव्हा नुसतं बंद बरं म्हणालात."

"बरोबर. तू दार म्हणालीस. कठडा कुठे म्हणालीस?"

याला उत्तरं पुष्कळ होती, पण चौकात उभं राहून बापाला देण्यासारखी त्यांतली एकही नव्हती.

साहेबांनी घसा साफ केला. कारण कळलं होतं, आणि ते कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसत होता. "कठडा लावणार असाल तर उघडता येईल," ते म्हणाले. "फक्त अर्ज नव्याने करावा लागेल. त्यात जागेचा पूर्वीचा वापर..."

"बर्फ," आजी म्हणाल्या. "पाव," काका म्हणाले. "क्लास," बाई म्हणाल्या, आणि तिघं एकमेकांवर तुटून पडले.

बाबांनी तळवा पुढे करून हात वर केला. तिघं जिथल्या तिथे थांबले. रस्त्यावरचा एक सायकलवालाही थांबला, त्याला वाटलं आपल्यालाच सांगितलं.

"लिहा," बाबा साहेबांना म्हणाले. "या दारातून लोक आत जायचे आणि बाहेर यायचे. हाच वापर."

साहेबांनी खिसे चाचपले आणि ताईकडे पेन मागितलं. "तुमच्या खिशाला आहे," ताई म्हणाली. "माझंच आहे."

ऊन कलल्यावर बाबांना परत न्यायची वेळ झाली. पुन्हा तेच चौघं, पुन्हा तेच वळण. मध्यावर पोचल्यावर बाबा म्हणाले, "चौघांनी उचलून नेलेला माणूस परत घरी येताना मी पहिलाच पाहिला." गवंड्याला इतकं हसू आलं की खुर्ची खाली टेकवावी लागली. साहेबही हसले, आणि मग आपण हसलो याचं त्यांना जरा अवघड वाटलं.

खाटेवर टेकल्यावर बाबांनी डोळे मिटले. ताईने चादर सारखी केली. "फार आशा लावून बसू नका," ती म्हणाली. "नवा अर्ज, मग पाहणी, मग कठडा कुठल्या रंगाचा यावर चर्चा. हे लोक वर्ष काढतील."

"काढू दे."

"मग तोपर्यंत?"

"उद्या चौघं कोण कोण मिळतील ते बघून ठेव," बाबा म्हणाले. "क्लास सुटायच्या वेळेला नेत जा. त्या वेळी गर्दी असते."

क्लास बंद होऊन किती काळ लोटला, हे ताईने त्यांना सांगितलं नाही. भिंतीपलीकडे एक ट्रक वळला. "हात दाखवला नाही," बाबा डोळे न उघडता म्हणाले. ताईने ओले कपडे गोळा केले, सवयीने खुर्चीकडे वळली, तिथेच थांबली, आणि कपडे वाळत घालायला दोरी शोधू लागली.